लाटेकमध्ये सरावसंच आणि उकलींची अक्षरजुळणी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सरावसंच तयार करणाऱ्या शिक्षकाला एकाच मजकुराच्या निदान दोन प्रती लागतात. एक विद्यार्थ्यांच्या हाती जाते, आणि दुसरीत प्रत्येक प्रश्नाखाली त्याची उकल असते. बहुतेकांची सवय अशी, की प्रश्नांची एक फाइल आणि उत्तरांची दुसरी फाइल करायची. पहिल्या दिवशी दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात. पुढच्या वर्षी चौथा प्रश्न काढून टाकला जातो, सातव्यातल्या संख्या बदलल्या जातात, एक नवा प्रश्न मध्येच येतो, आणि उत्तरांची फाइल उघडायची राहून जाते. मग घरी बसून स्वतःच्या बळावर उदाहरण बरोबर सोडवलेला विद्यार्थी उत्तरसूची पाहतो, तिथे त्याला भलतेच उत्तर दिसते आणि तो आपले बरोबर उत्तर खोडतो. छापील चुकांमध्ये ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण तिची झळ अभ्यास करणाऱ्यालाच बसते.

ती टाळण्याचा मार्ग एकच आहे. प्रश्न आणि त्याची उकल मूळ फाइलमध्ये एकमेकांला लागून लिहायची, आणि कोणत्या प्रतीत काय छापायचे हे यंत्रावर सोपवायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमासाठीच आहेत. ही पद्धत नवी नाही. टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली घडवणारे डोनाल्ड नूथ यांनी १९८४ साली तिची पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हा त्या पुस्तिकेतील प्रश्नांची उत्तरे शेवटच्या परिशिष्टांपैकी पहिल्यात छापली होती, पण त्यांनी मूळ फाइलमध्ये प्रत्येक उत्तर आपल्या प्रश्नाच्या लगेच खालीच लिहिले होते. पुस्तक जुळवताना यंत्र ती उत्तरे उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवत असे आणि ती फाइल नंतर परिशिष्टात वाचली जाई. लाटेक ही टेकवरच उभारलेली प्रणाली; तीत मजकुराबरोबर आज्ञा लिहायच्या आणि पान यंत्राने जुळवायचे. आज लाटेकमध्ये जी साधने मिळतात, त्यांतली बहुतेक याच कल्पनेवर उभी आहेत.

आधी ठरवायच्या गोष्टी

संगणक उघडण्यापूर्वी कागदावर दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. पहिला प्रश्न असा, की उत्तर म्हणजे नेमके काय द्यायचे आहे. केवळ अंतिम उत्तर, एखादी सूचना आणि पायऱ्यांसह संपूर्ण उकल या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ‘संख्या २७ आणि १८’ हे अंतिम उत्तर झाले. ‘दोन्ही समीकरणांची बेरीज करून पाहा’ ही सूचना झाली. आणि समीकरणे मांडण्यापासून पडताळा घेण्यापर्यंतचे लेखन ही उकल झाली. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी जी उत्तरसूची असते ती पहिल्या प्रकारची असते. शिक्षकाच्या प्रतीत तिसरा प्रकार लागतो. आणि स्वयंअध्ययनाच्या टिपणांत दुसरा प्रकार सर्वांत उपयोगी पडतो, तरी तोच सर्वांत कमी लिहिला जातो. तीनही प्रकार हवे असतील तर तिन्ही त्याच प्रश्नाखाली, पण वेगवेगळ्या नावांच्या खणांत लिहावेत, म्हणजे पुढे हवा तो खण छापता येतो.

दुसरा प्रश्न वाचकाचा आहे. उकल प्रश्नाखालीच दिली तर वाचकाची नजर आपोआप तिकडे जाते आणि विचार करण्याआधीच उत्तर दिसते. ती प्रकरणाच्या शेवटी दिली तर पाने उलटावी लागतात, पण तेवढा अडसर अभ्यासाला पोषक ठरतो. अमेरिकेतील कलनशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत फक्त विषम क्रमांकांच्या उदाहरणांची उत्तरे शेवटी देण्याची रीत आहे; सम क्रमांकांची उदाहरणे त्यामुळे शिक्षकाला गृहपाठासाठी मोकळी राहतात. आपल्याकडच्या शिकवणीच्या टिपणांसाठीही ही रीत मला चांगली वाटते. मात्र ती वापरायची असेल तर विषम आणि सम उदाहरणे जोडीने, सारख्याच काठिण्याची लिहावी लागतात.

तयारी: प्रणाली, फाँट आणि भाषा

लाटेक आपल्या संगणकावर बसवायचे असेल तर टेक लाइव्ह हे मोफत वितरण घ्यावे. केवळ ओळख करून घ्यायची असेल तर ओव्हरलीफ या संकेतस्थळावर न बसवताही काम होते. लिहिलेल्या फाइलवरून पाने जुळवणारे प्रोग्रॅम एकाहून अधिक आहेत. मराठी मजकुरासाठी त्यांतला पीडीएफलाटेक चालत नाही; झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडावे. ओव्हरलीफवर हा पर्याय प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये कंपायलर या नावाखाली सापडतो.

पुढे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती लहान इंग्रजी अक्षरांत लिहायची आणि आज्ञेच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. बिगिन आणि एंड या दोन आज्ञांच्या मधल्या भागाला लाटेकमध्ये एन्व्हायरन्मेंट म्हणतात, आणि या विषयात त्याचेच काम सर्वांत जास्त पडते. फाइलींची नावेसुद्धा इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवावीत.

फाँट निवडण्यासाठी फाँटस्पेक हे पॅकेज, म्हणजे लाटेकला जास्तीची सोय देणारी जोडणी, लागते. आयआयटी मुंबईने प्रसिद्ध केलेला शोभिका हा फाँट टेक लाइव्हमध्येच येतो. मुक्त किंवा नोटो सेरिफ देवनागरी हेही चांगले पर्याय आहेत. फाँट सांगताना लिपी देवनागरी आहे हे स्पष्ट लिहावे लागते, नाहीतर जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. भाषा मराठी आहे हेही लिहावे, कारण ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे मिळतात. लुआलाटेक वापरत असाल तर त्याच ठिकाणी हार्फबझ हा रेंडररही, म्हणजे अक्षरे जोडून उमटवणारा भागही, निवडावा. ओळींमधले अंतर मूळच्यापेक्षा थोडे वाढवावे. लाटेकची मूळ मापे रोमन लिपीच्या सोयीची आहेत, आणि वर रफार, मात्रा व खाली उकार असलेल्या ओळी त्या मापात एकमेकींना भिडतात.

पहिला सरावसंच: एक्झाम क्लास

नवशिक्याने सुरुवात एक्झाम या डॉक्युमेंट क्लासने, म्हणजे संपूर्ण फाइलची मांडणी ठरवणाऱ्या तयार साच्याने, करावी, असे माझे ठाम मत आहे. तो फिलिप हिर्शहॉर्न यांनी लिहिला असून नाव परीक्षेचे असले तरी गृहपाठ, सरावपत्रिका आणि चाचण्या या सगळ्यांना तो पुरतो. त्याची रचना समजायला एक तास पुरे होतो.

फाइलच्या पहिल्या ओळीत डॉक्युमेंटक्लास म्हणून एक्झाम लिहावे आणि चौकटी कंसात ॲडपॉइंट्स हा पर्याय द्यावा, म्हणजे गुणांची बेरीज यंत्र करते. मजकुराच्या भागात क्वेश्चन्स हे एन्व्हायरन्मेंट उघडावे. त्याच्या आत प्रत्येक प्रश्नाची सुरुवात क्वेश्चन या आज्ञेने होते, आणि तिच्या लगेच पुढे चौकटी कंसात गुण लिहिता येतात. क्रमांक आपण कधीही हाताने लिहायचा नाही. प्रश्न पुढेमागे केला की क्रमांक आपोआप बदलतात, आणि उकल प्रश्नालाच चिकटलेली असल्याने तीही त्याच्याबरोबर जाते. उपप्रश्नांसाठी पार्ट्स हे एन्व्हायरन्मेंट आणि पार्ट ही आज्ञा आहे. त्याखाली सबपार्ट्स आणि त्याखाली सबसबपार्ट्स. तिसऱ्या पातळीच्या खाली जावेसे वाटले तर बहुधा प्रश्नच दोन भागांत तोडण्याची गरज असते.

आता एक साधे उदाहरण घेऊ. ‘दोन संख्यांची बेरीज ४५ आणि फरक ९ आहे, तर त्या संख्या काढा’ हा प्रश्न क्वेश्चन आज्ञेपुढे लिहावा. त्याच्या लगेच खालच्या ओळीवर सोल्यूशन हे एन्व्हायरन्मेंट उघडून त्यात उकल लिहावी: मोठी संख्या क्ष आणि लहान य मानली, तर क्ष अधिक य बरोबर ४५ आणि क्ष उणे य बरोबर ९, दोन्हींची बेरीज करून २क्ष बरोबर ५४, म्हणून क्ष बरोबर २७ आणि य बरोबर १८. एवढे लिहून फाइल चालवली, म्हणजे लाटेककडून तिची पीडीएफ बनवून घेतली, तर छापील पानावर फक्त प्रश्न येतो. प्रस्तावना-भागात, म्हणजे मजकूर सुरू होण्याआधी, प्रिंटआन्सर्स ही एक आज्ञा लिहून फाइल पुन्हा चालवली की प्रश्नाखाली चौकटीत उकल उमटते. एका ओळीच्या फरकाने दोन प्रती तयार होतात.

ही ओळ दर वेळी लिहायची आणि पुसायची, यात चूक होण्याचा धोका आहे. त्याऐवजी तीन फाइली कराव्यात. एका फाइलमध्ये सगळे प्रश्न आणि उकली ठेवाव्यात. तिच्यात डॉक्युमेंटक्लासची ओळ नसावी. दुसरी फाइल विद्यार्थीप्रतीची आणि तिसरी शिक्षकप्रतीची. या दोन्हींत फाँट, मथळा वगैरे मांडणी आणि शेवटी इनपुट या आज्ञेने पहिल्या फाइलला बोलावणे, एवढेच असते. फक्त तिसऱ्या फाइलमध्ये प्रिंटआन्सर्स जास्तीचे असते. मजकुरात दुरुस्ती करण्यासाठी मग पहिलीशिवाय दुसरी कोणतीही फाइल उघडावी लागत नाही.

बहुपर्यायी प्रश्नांसाठी चॉइसेस हे एन्व्हायरन्मेंट आहे, आणि पर्याय एकाच ओळीत हवे असतील तर वनपारचॉइसेस. चुकीच्या पर्यायांपुढे चॉइस आणि बरोबर पर्यायापुढे करेक्टचॉइस ही आज्ञा लिहायची. विद्यार्थीप्रतीत सगळे पर्याय सारखेच दिसतात, शिक्षकप्रतीत बरोबर पर्याय ठळक होतो. रिकाम्या जागा भरण्यासाठी फिलइन ही आज्ञा आहे. तिच्या चौकटी कंसात उत्तर लिहिले, की एका प्रतीत रेघ दिसते आणि दुसऱ्या प्रतीत त्याच रेघेवर उत्तर.

गुणांच्या बाबतीत ग्रेडटेबल ही आज्ञा प्रश्नवार गुणांचा तक्ता छापते आणि नमपॉइंट्स ही आज्ञा एकूण गुण देते. पत्रिकेच्या माथ्यावरचे ‘एकूण गुण ४०’ हे कधीही हाताने लिहू नये. तिथे ही आज्ञा लिहावी. बेरीज ३९ भरली तर ती चूक छापण्यापूर्वीच डोळ्यांसमोर येते. एकूण आकडा पहिल्या फेरीत चुकीचा किंवा रिकामा दिसला तर घाबरून जाऊ नये. लाटेक अशी माहिती एका फेरीत नोंदवते आणि पुढच्या फेरीत वापरते, म्हणून फाइल दोनदा, कधी तीनदा चालवावी लागते.

उत्तर लिहिण्यासाठी जागा

पत्रिकेवरच उत्तर लिहायचे असेल तर जागा किती सोडायची, हा निर्णय अक्षरजुळणी करणाऱ्याचाच असतो, आणि त्यातून विद्यार्थ्याला नकळत सूचना मिळते. चार ओळींची जागा दिसली की तो चार ओळींचे उत्तर लिहितो. म्हणून आधी उकल स्वतः हाताने कागदावर लिहून पाहावी आणि तिला लागलेल्या जागेच्या दीडपट जागा सोडावी.

सोल्यूशन एन्व्हायरन्मेंटच्या पुढे चौकटी कंसात लांबी दिली, उदाहरणार्थ पाच सेंटिमीटर, की विद्यार्थीप्रतीत तेवढी कोरी जागा राहते आणि शिक्षकप्रतीत तिच्या ठिकाणी उकल येते. कोऱ्या जागेऐवजी रेघा हव्या असतील तर सोल्यूशनऑरलाइन्स, ठिपक्यांच्या रेघांसाठी सोल्यूशनऑरडॉटेडलाइन्स, चौकटीसाठी सोल्यूशनऑरबॉक्स आणि आलेखाच्या चौकड्यांसाठी सोल्यूशनऑरग्रिड अशी एन्व्हायरन्मेंटे आहेत. रेघांमधले अंतर या क्लासमध्ये मुळात पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरांच्या आसपास असते. देवनागरी हस्ताक्षराला, विशेषतः लहान मुलांच्या, ते अपुरे पडते. लाइनफिलहाइट ही लांबी बदलून ते आठ किंवा नऊ मिलिमीटर करावे. एका पानावर दोन-तीन प्रश्न असतील आणि उरलेली जागा त्यांत समान वाटून द्यायची असेल, तर लांबीच्या ठिकाणी स्ट्रेच ही आज्ञा १ या किमतीसह लिहावी आणि शेवटच्या प्रश्नानंतर न्यूपेजने पान संपवावे.

कोरी जागा आणि उकल यांची लांबी सहसा सारखी नसते, त्यामुळे दोन्ही प्रतींत पाने वेगवेगळ्या ठिकाणी तुटतात. म्हणून ‘पान ३ वरचे उदाहरण पाहा’ असा उल्लेख सरावसंचात करू नये. प्रश्नाला लेबल ही आज्ञा देऊन रेफ या आज्ञेने त्याच्या क्रमांकाचा उल्लेख करावा. हा क्रमांक दोन्ही प्रतींत एकच राहतो.

मराठी शीर्षके, अंक आणि अक्षरे

क्लास इंग्रजीत लिहिलेला असल्यामुळे पहिल्या प्रतीत काही इंग्रजी शब्द उमटतात. सोल्यूशनटायटल ही आज्ञा नव्याने लिहून तिच्यात ‘उकल’ हा शब्द ठेवावा. गुणांच्या शब्दासाठी पॉइंटपॉइंट्स ही आज्ञा एकवचन आणि अनेकवचन अशी दोन रूपे मागते. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘गुण’ लिहावे. तक्त्यातील शीर्षकांसाठी व्हीक्यूवर्ड, व्हीपीवर्ड, व्हीएसवर्ड आणि व्हीटीवर्ड या आज्ञांना अनुक्रमे ‘प्रश्न’, ‘गुण’, ‘मिळालेले गुण’ आणि ‘एकूण’ हे शब्द द्यावेत. हे बदल एकदा वेगळ्या फाइलमध्ये साठवले, की प्रत्येक सरावसंचाला तीच फाइल जोडता येते.

अंकांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. मजकुरात देवनागरी अंक आणणे सोपे आहे, पण गणिती सूत्राच्या आत लाटेक स्वतंत्र गणिती फाँट वापरते आणि तिथे आंतरराष्ट्रीय अंक उमटतात. परिणामी प्रश्नाच्या वाक्यात एका पद्धतीचे अंक आणि त्याच वाक्यातल्या समीकरणात दुसऱ्या पद्धतीचे, असे मिश्रण पानावर दिसू लागते, आणि ते लहान वर्गांतल्या मुलांना खरोखर अडवते. महाराष्ट्रातील दहावीच्या मराठी माध्यमाच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात आंतरराष्ट्रीय अंक आहेत, त्यामुळे वरच्या वर्गांच्या गणित आणि विज्ञानासाठी तेच सगळीकडे, अगदी प्रश्नक्रमांकांतही वापरावेत. भाषा, इतिहास, भूगोल अशा विषयांत सूत्रे नसतात. तिथे देवनागरी अंक निवडावेत.

उपप्रश्नांच्या अक्षरांसाठीही आधी निर्णय करावा. मराठीत ‘अ, आ, इ, ई’ आणि ‘अ, ब, क, ड’ असे दोन्ही क्रम रूढ आहेत. उपप्रश्नांना पहिला आणि बहुपर्यायी उत्तरांना दुसरा क्रम दिला तर दोन्ही ‘अ’ पासूनच सुरू होतात आणि उत्तरसूचीत ‘३ (अ)’ म्हणजे उपप्रश्न की पर्याय, हे कळत नाही. मी उपप्रश्नांना (अ), (आ), (इ) आणि पर्यायांना (१), (२), (३), (४) असे क्रम सुचवतो. यासाठी पार्टनो या, उपप्रश्नांचे क्रमांक मोजणाऱ्या गणकाची किंमत १ असेल तर ‘अ’, २ असेल तर ‘आ’ असे सांगणारी, इफकेस या आज्ञेवर आधारलेली एक ओळ लिहावी लागते. तीसुद्धा वरच्याच साठवणीच्या फाइलमध्ये ठेवावी.

आणखी एक सापळा इथेच सांगणे आवश्यक आहे. उकल लिहिताना सूत्राच्या आत ‘म्हणून’ किंवा ‘पक्षांतर करून’ असे शब्द सरळ लिहिले, तर ते पानावरून गायब होतात. गणिती फाँटमध्ये ती अक्षरे नसतात, आणि लाटेक त्याची नोंद फक्त लॉग फाइलमध्ये, म्हणजे प्रत्येक फेरीचा तपशील ज्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिला जातो तिच्यात, करते. फाइल मात्र विनातक्रार तयार होते. असे शब्द टेक्स्ट या आज्ञेच्या महिरपी कंसात लिहावेत. अनेक पायऱ्यांची उकल एएमएसमॅथ पॅकेजच्या अलाइन या एन्व्हायरन्मेंटमध्ये, बरोबर चिन्हे एकाखाली एक येतील अशी मांडावी, आणि दोन पायऱ्यांमधले वाक्य इंटरटेक्स्टने घालावे. त्यामुळे वाक्याच्या आधीची व नंतरची बरोबर चिन्हे एकाच रेषेत राहतात.

पुस्तकासाठी: एक्स-सिम

सरावसंच पाच-सहा पानांपुरता असेल तर एक्झाम क्लास पुरे आहे. पण प्रकरणांचे पुस्तक किंवा वर्षभराची टिपणे तयार करायची असतील, प्रश्न प्रकरणांच्या मध्ये पसरलेले असतील आणि उकली शेवटी एकत्र हव्या असतील, तर त्यासाठी एक्स-सिम हे पॅकेज घ्यावे. ते क्लेमेन्स नीडरबर्गर यांचे असून त्यांच्याच एक्सशीट्स या जुन्या पॅकेजची जागा त्याने घेतली आहे. जुन्या लेखांत एक्सशीट्स वापरण्याचा सल्ला आढळला तरी नव्या कामाची सुरुवात त्याने करू नये.

यातही प्रश्न आणि उकल लागूनच लिहायचे असतात: एक्सरसाइज हे एन्व्हायरन्मेंट आणि लगेच खाली सोल्यूशन. फरक असा, की उकल तिथे छापली जात नाही. जिथे प्रिंटसोल्यूशन्स ही आज्ञा लिहाल तिथे सगळ्या उकली आपापल्या क्रमांकांसह उमटतात. प्रकरणानुसार वेगळ्या उकलीही छापता येतात. प्रश्नाच्या सुरुवातीला चौकटी कंसात उपशीर्षक, गुण आणि इतर गुणधर्म देता येतात. ‘सरावसंच’ आणि ‘उकल’ ही नावे एक्ससिमसेटअप या आज्ञेत एकदा सांगितली की पुरते.

हे पॅकेज प्रत्येक प्रश्नाचा आणि उकलीचा मजकूर स्वतंत्र छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवते. याचा फायदा संगणकशास्त्राच्या शिक्षकांना विशेष होतो, कारण प्रोग्रॅमचा मजकूर जसाच्या तसा उकलीत घालता येतो. तोटा असा, की पन्नास प्रश्नांच्या पुस्तकाच्या फोल्डरमध्ये शंभर फाइली साठतात. त्यावर उपाय म्हणून एक उपफोल्डर आधी स्वतः तयार करावा आणि पाथ या पर्यायात त्याचे नाव द्यावे. पॅकेज तो फोल्डर आपण होऊन बनवत नाही. एन्व्हायरन्मेंट उघडणारी आणि बंद करणारी आज्ञा नेहमी स्वतंत्र ओळीवर लिहावी, नाहीतर फाइल लिहिताना गोंधळ होतो आणि येणारी त्रुटी मूळ कारणापासून फार दूरची दिसते.

प्रश्नांना काठिण्याची खूण देण्याची सोयही इथे आहे, आणि ती वापरावी असा माझा आग्रह आहे. नूथ यांनी १९६८ पासून प्रसिद्ध होत असलेल्या आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेत प्रत्येक प्रश्नाला ० ते ५० या मापावर अंक दिला आहे. शून्य म्हणजे वाचताक्षणी सुटणारा, १० म्हणजे साधा, ३० म्हणजे बऱ्यापैकी अवघड, आणि ५० म्हणजे अजून कुणीच न सोडवलेला संशोधनाचा प्रश्न. उच्च गणित लागणाऱ्या प्रश्नांना तिथे वेगळी अक्षरे जोडलेली असतात. शालेय सरावसंचाला इतके बारीक माप नको. एक, दोन किंवा तीन तारका पुरेत. परंतु एकट्याने अभ्यास करणाऱ्याला, आपण अडकलो ते प्रश्नच कठीण आहे म्हणून, हे समजणे फार मोलाचे असते. शिवाय हीच खूण वापरून एक्स-सिमला ‘फक्त एका तारकेचे प्रश्न छाप’ असे सांगता येते, आणि एकाच संग्रहातून वर्गातल्या वेगवेगळ्या गटांसाठी वेगवेगळ्या पत्रिका निघतात. प्रश्नसंग्रह फारच मोठा असेल आणि त्यातून यादृच्छिक निवड हवी असेल तर निकोला टॅल्बट यांचे प्रॉबसॉल्न हे पॅकेज पाहावे.

पानाचे रूप

प्रश्नाचा क्रमांक समासात किंचित बाहेर ठेवावा, म्हणजे पान चाळताना तो पटकन सापडतो. प्रश्न आणि त्याची आकृती वेगवेगळ्या पानांवर जाऊ देऊ नयेत. नीडस्पेस पॅकेजने ‘इतक्या ओळींची जागा नसेल तर पुढच्या पानावर जा’ असे सांगता येते. प्रश्न आणि उकल दोन्हींत एकच आकृती लागत असेल तर ती स्वतंत्र फाइलमध्ये काढून दोन्हीकडे बोलवावी, नाहीतर एका ठिकाणचा कोन बदलतो आणि दुसऱ्या ठिकाणचा तसाच राहतो.

उकल वेगळी दिसावी म्हणून ती तिरप्या अक्षरांत लावण्याचा मोह आवरावा. देवनागरीला तिरपे वळण स्वाभाविक नाही आणि शोभिकासारख्या फाँटमध्ये ते नाहीच. उकलीच्या डाव्या बाजूला एक बारीक उभी रेघ आणि किंचित लहान अक्षर एवढे पुरते. करड्या पार्श्वभूमीच्या चौकटी पडद्यावर छान दिसतात, पण सरावपत्रिकांच्या पुढे झेरॉक्स काढल्या जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या झेरॉक्समध्ये त्या काळ्या पडून आतला मजकूर वाचता येत नाही. रंगावर अर्थ अवलंबून ठेवू नये, तोही याच कारणाने.

वर्ड किंवा लिबरऑफिस वापरत असाल तर

वर्डमध्ये मजकूर हिडन करण्याची आणि लिबरऑफिस रायटरमध्ये संपूर्ण सेक्शन अटीनुसार लपवण्याची सोय आहे, आणि प्रश्नाखाली उकल ठेवण्याचा नियम तिथेही पाळता येतो. मात्र लपवलेला मजकूर फाइलमध्ये असतोच. अशी मूळ फाइल विद्यार्थ्यांना कधीही पाठवू नये. पीडीएफ करूनच द्यावी.

प्रत बाहेर जाण्यापूर्वी

पहिली तपासणी छापील विद्यार्थीप्रतीवरून करावी. मूळ फाइल बंद ठेवून, फक्त कागदावरचा प्रश्न वाचून प्रत्येक उदाहरण सोडवावे आणि मगच शिक्षकप्रतीशी ताडून पाहावे. उकल ज्याने लिहिली त्याच्याऐवजी सहकारी शिक्षकाने हे केले तर फार उत्तम, कारण प्रश्नात न लिहिलेली पण आपल्या मनात असलेली अट दुसऱ्यालाच जाणवते. संख्या बदलायची ठरली तर प्रश्न आणि उकल एकाच बैठकीत बदलावी. दोन्ही पडद्यावर एकमेकांखाली असल्याने तेवढे कष्ट पडत नाहीत.

लॉग फाइलमध्ये गायब अक्षरांची सूचना आहे का, हे शोधावे. क्रमांकांच्या जागी दोन प्रश्नचिन्हे छापली गेली असतील तर एखादे लेबल चुकले आहे किंवा फाइल आणखी एकदा चालवायची राहिली आहे.

उत्तर लपवण्यासाठी अक्षरांना पांढरा रंग देण्याची युक्ती काही जण करतात. ती अजिबात करू नये, कारण पीडीएफमधला पांढरा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. एक्झाम क्लास किंवा एक्स-सिम यांनी न छापलेली उकल पीडीएफमध्ये मुळीच जात नाही. तरीही विद्यार्थीप्रत गटावर पाठवण्यापूर्वी ती उघडून, उकलीत येणारा पण प्रश्नांत न येणारा एखादा शब्द, जसे ‘पक्षांतर’ किंवा ‘पडताळा’, तिच्यात शोधून पाहावा. शोध रिकामा आला की प्रत पाठवायला हरकत नाही.